माग, बिडी आणि भातशेती: दिवसभर एकाच अवस्थेत राबणाऱ्यांसाठी योगाचा वर्ग कसा आखावा?

शहापूर_गल्ली
नमस्कार मंडळी. गणपतीनंतर बेळगाव जिल्ह्यात तीन ठिकाणी योगाचे फुकट वर्ग सुरू करायचे आहेत. वडगावात यंत्रमाग कामगारांसाठी, निपाणीत बिडी वळणाऱ्या बायकांसाठी आणि खानापूर तालुक्यातल्या एका गावात शेतात राबणाऱ्यांसाठी. आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं. २१ जूनच्या योगदिनाला आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा ठरलेला क्रम असतो, तोच तिन्हीकडे घ्यावा असं चाललंय, कारण शाळांमुळे तो घरोघरी माहीत आहे. त्यातलं काय ठेवावं, काय गाळावं? येणाऱ्यांचं वय ३० ते ६५, बीपी-शुगरवाले असणारच. नुसतं "योग चांगला असतो" नको. कशाने काय होतं, तेवढं सांगा.

मलप्रभा
एकच क्रम तिन्हीकडे नको ओ. तो सर्वसाधारण माणसासाठी बेतलाय. तुमची माणसं सर्वसाधारण नाहीत, त्यांचं अंग आठ-दहा तास एकाच दिशेला वाकलेलं असतं. आधी काम बघायचं, मग आसन. काम पुढे वाकवत असेल तर वर्गात पुढे वाकणं जवळपास बंद, मागे वळणं आणि पीळ जास्त. काम उभं ठेवत असेल तर वर्ग जमिनीवर आणि पाय वर.

योगदिनाच्या क्रमातलं पादहस्तासन (उभ्याने वाकून पायांना हात लावणं) आणि शशकासन (वज्रासनात बसून पुढे वाकणं) निपाणी-खानापूरच्या वर्गातून सरळ काढा. दिवसभर वाकून मणक्याच्या मागचे स्नायुबंध आधीच ताणून सैल झालेले असतात. त्यांना संध्याकाळी आणखी ताणलं की त्या वेळी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी उठताना कंबर धरते. पडून दोन्ही पाय एकदम उचलायचं उत्तानपादासन आणि अर्धहलासनही नको. पायाचं सगळं वजन मांडीच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर येतं, तो कमरेच्या मणक्यांना धरून असतो, आणि पोटाचे स्नायू कच्चे असले की कंबर जमिनीवरून उचलली जाते. एक पाय गुडघ्यात वाकवून तळवा टेकलेला, दुसरा ३० अंशांपर्यंत वर, असं बाजू बदलून ५-५ वेळा घ्या.

ठेवायचं ते: ताडासन, त्रिकोणासन, वक्रासन, मकरासन, भुजंगासन, शलभासन, सेतुबंध. सात पुष्कळ झाली. ४५ मिनिटांत वीस आसनं उरकण्यापेक्षा सात आसनं दोन-दोनदा.

कडोलीकर
आणि सूर्यनमस्कार? लोक "योग" म्हटलं की तेच मागतात. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी ते घराघरात नेले, आपल्याकडच्या जुन्या तालमींतही घालायचे. ते काढलेत तर वर्गाला कोणी फिरकणार नाही.

मलप्रभा
कडोलीकर, मोजून बघा की. बारा अंकांच्या नमस्कारात तिसऱ्या आणि दहाव्या अंकाला पादहस्तासन येतं. म्हणजे १२ नमस्कारांत २४ वेळा कमरेतून पूर्ण वाकणं, तेही घाईत. भातलावणीच्या दिवसात त्या माणसाने सकाळपासून दुसरं काय केलंय?

नको म्हणत नाही, बदलून घाला. तिसऱ्या आणि दहाव्या अंकाला गुडघे वाकवायचे आणि हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकायचे. पाठ सपाट राहिली पाहिजे, कुबड आलं की थांबायचं. सुरुवात ४ नमस्कारांनी, दर आठवड्याला २ वाढवायचे, १२ च्या वर नाही. एका नमस्काराला निदान ४० सेकंद. मागावर काम करणाऱ्यांना हे चालतील. सुगीत शेतकऱ्यांना नाही.

खानापूरचा_पाऊस
यात वेळेचा मुद्दा राहिला. गावात वर्ग म्हणजे पहाटे पाच असा समज आहे. कमरेच्या दुखण्यासाठी पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास पुढे वाकलं तर त्यांच्यावर ताण फार येतो. पहाटेच घ्यायचा असेल तर पहिली २० मिनिटं चालणं, ताडासन आणि श्वास, वाकायचं काही नाही. त्यापेक्षा संध्याकाळ बरी. दूध डेअरीला घालून लोक मोकळे झाले की साडेसात.

शेतकऱ्यांसाठी वर्गापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे, ती शेतातच करायची. तासभर वाकून रोप लावल्यावर किंवा भांगलण केल्यावर लगेच रोपांचा भारा, खताचं पोतं उचलायचं नाही. वाकून सैल झालेले स्नायुबंध पूर्ववत व्हायला वेळ लागतो आणि नेमकं तेव्हाच वजन घेतलं की लचक भरते. उभं राहून दोन्ही तळवे कमरेवर मागच्या बाजूला ठेवायचे, बोटं खाली, आणि सावकाश मागे कलायचं. ३ सेकंद थांबून परत. असं ५ वेळा, मग दोन मिनिटं बांधावर चालायचं, मग ओझं. मान मागे टाकायची नाही, नजर समोरच. चिखलात पाय रुतलेले असताना हे करू नये, तोल जातो.

निपाणीची_अक्का
बिडीबद्दल लिहिते, कारण बाहेरून येणारे शिक्षक तिथे हमखास चुकतात.

बसणं बघा आधी. मांडीवर सूप, पाय एक दुमडलेला एक पसरलेला किंवा मांडी घातलेली, मान खाली, खांदे पुढे, दोन्ही हातांची चिमूट. दिवसभर. दुखतं तीन ठिकाणी: मानेच्या मुळाशी, अंगठ्याच्या बुडाशी आणि गुडघ्यात.

बैठकीपासून सुरू करा. जमिनीवर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर कंबर मागे कलंडते आणि पाठीला कुबड येतंच, कितीही "ताठ बसा" म्हणा. ढुंगणाखाली घोंगडं किंवा जाड चादर घडी करून ४ इंच उंची द्या. गुडघे खाली आले की पाठ आपोआप उभी राहते. हे वर्गातही आणि घरी कामाला बसतानाही. सूप मांडीवर न ठेवता ६-७ इंचांच्या पाटावर ठेवलं तर मान पुष्कळ कमी वाकते.

हात. रात्री अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात, हात झटकावासा वाटतो, असं कोणी सांगितलं तर मनगटातली शिर (मज्जातंतू) दबतेय असं धरून चाला आणि डॉक्टरकडे पाठवा. अशा बाईला तळहातावर भार येईल असं एकही आसन देऊ नका. भुजंगासन कोपरं टेकून, मार्जारासन (मांजरासारखं ओणवं) मुठींवर किंवा कोपरांवर, पर्वतासन (हात-पाय टेकून कंबर वर) नाहीच. करंगळी बधिर होत असेल तर गोष्ट वेगळी, ती शिर कोपरापाशी दबते. तिला कोपरं टेकूनही चालणार नाही. हात अंगाशेजारी ठेवून शलभासन द्या, आणि तेही एकेका पायाने.

बाकीच्यांसाठी बोटांचा व्यायाम: पाचही बोटांभोवती रबर बँड घालून बोटं बाहेरच्या बाजूला उघडायची, १५ वेळा, दोन्ही हात. चिमूट मिटणारे स्नायू दिवसभर राबतात, उघडणारे कधीच नाही. मग हात सरळ पुढे, तळवा समोर, दुसऱ्या हाताने बोटं हळूच मागे, २० सेकंद. कळ आली की सोडायचं.

मान गोल फिरवायला लावू नका. सगळे वर्ग त्यानेच सुरू होतात, आणि झिजलेल्या मानेला चक्कर त्यानेच येते. त्याऐवजी हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे ओढायची, जशी भिंतीला डोक्याची मागची बाजू लावतो तशी. ५ सेकंद धरायचं, ८ वेळा. खरंच भिंतीला टेकून केलं तर चूक होत नाही.

उद्यमबाग
अक्का, सगळं पटलं, पण बिडीची मजुरी हजारावर. थांबली तर पैसे बुडाले. वर्गात शिकेल आणि घरी एकदाही करणार नाही.

निपाणीची_अक्का
म्हणून तर घड्याळावर न बांधता कट्ट्यावर बांधायचं. २५ चा एक कट्टा, हजाराला ४० कट्टे. दर चार कट्ट्यांनी अर्धा मिनिट: हनुवटी मागे ३ वेळा, खांदे मागे खाली ३ वेळा, एक लांब उच्छ्वास. हजारामागे १० वेळा, म्हणजे सगळे मिळून ५ मिनिटं. बोटं आखडून पान फाटतं, बिडी सैल होते आणि छाट (नापास बिड्या) निघते, त्यात यापेक्षा जास्त जातं.

पायही तेव्हाच बदलायचे. दुमडलेला पसरायचा, पसरलेला दुमडायचा.

मलप्रभा
गुडघ्यावरून आठवलं. वज्रासनात जेवणानंतर वीस-वीस मिनिटं बसवायची पद्धत काही वर्गांत आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायाकडे जाणारी शिर त्यात दबते. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, आणि कोणी हट्टाने बसून राहिलं तर पाऊल वर उचलताच येत नाही, चप्पल घासत चालायची वेळ येते. बरं व्हायला आठवडे लागू शकतात. ३ ते ५ मिनिटं बस झाली. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी आणि पोटरीच्या मध्ये घडी. मुंग्या आल्या की उठायचं, सोसायचं नाही. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्यात, स्थिर आणि सुख. दुसरी लोक विसरतात.

वॅक्सिन_डेपो
प्राणायामाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. तिन्ही वर्गांत कपालभाती ठेवणार असाल तर जरा थांबा.

वाढलेलं बीपी, हृदयाचं दुखणं, हर्निया, फिट्स, काचबिंदू, पोटाचं ताजं ऑपरेशन, गरोदरपण यांत कपालभाती नको. पाळीच्या दिवसांतही टाळतात. ३० ते ६५ वयाच्या पंचवीस माणसांत यातले सहज सात-आठ निघतील, आणि सगळे सांगणार नाहीत. त्यांना वेगळं बसवलं की लाजतात. म्हणून सामूहिक वर्गात ते ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत. ठेवलंच तर सेकंदाला एक झटका, २५ झटके, मग निदान एक मिनिट नेहमीचा श्वास, अशी दोन आवर्तनं. खांदे उडत असतील तर पोट काम करत नाही. बोटांना मुंग्या किंवा डोकं हलकं झालं तर "शक्ती जागी होतेय" म्हणून पुढे रेटू नका. जोरात श्वास टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय, एवढाच त्याचा अर्थ. थांबायचं.

अनुलोम-विलोम सगळ्यांना चालतं. श्वास कोंडायचा नाही. ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. एक श्वास १० सेकंदांचा, मिनिटाला ६, पाच मिनिटांत ३०. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ६ महत्त्वाचे, ४ नाहीत. दम लागला तर ३ आणि ५ करा. चूक होते ती अशी: लोक नाकपुडी दाबून नाक वाकडं करतात. बोट नुसतं टेकवायचं, हवा अडण्यापुरतं. सर्दीने नाक चोंदलं असेल त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी तेच माप.

आणि निपाणीत एक जागेचा मुद्दा. ज्या खोलीत जर्दा साठवलाय किंवा दिवसभर बिडी वळली जाते, तिथे प्राणायाम घेऊ नका. तंबाखूची भुकटी अंथरुणात, सुपात, जमिनीच्या फटीत बसलेली असते. लांब श्वास घ्यायला लावून तीच खोल पाठवणार. अंगण, गच्ची, देऊळ काहीही चालेल. वर्गाआधी साबणाने हात धुवायचे, वरची साडी किंवा कामाचा सदरा झटकून बाजूला. नाकाला लावणाऱ्या बोटांना तंबाखू असेल तर शिंका आणि मळमळ ठरलेली.

उद्यमबाग
मागाचं मी सांगतो. वडगावचे लोक दहा तास उभे, तेही चालत नाहीत, दोन-तीन मागांमध्ये जागच्या जागी वळतात. चालण्याने पोटरी रक्त वर ढकलते, नुसतं उभं राहण्याने नाही. त्यामुळे संध्याकाळी घोटे सुजतात, शिरा निळ्या फुगतात.

वर्गाची पहिली दहा मिनिटं पाय वर. भिंतीपासून वीतभर अंतरावर ढुंगण, पाय भिंतीवर सरळ, कमरेखाली काही नाही. ५ ते ८ मिनिटं. मांडीच्या मागे ताण येत असेल तर आणखी वीतभर लांब सरकायचं. उतरताना गुडघे वाकवून कुशीवर, अर्धा मिनिट तसंच, मग हाताने उठायचं. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी पाय खुर्चीवर ठेवायचे, कंबर उचलायची विपरीत करणी त्यांना अजिबात नको.

मागावर असताना: धागा तुटून माग थांबला की टाचा १५ वेळा वर-खाली. धागा दिवसात तुटतोच, वेगळी सवय लावावी लागत नाही. पायाखाली सिमेंट असेल तर जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा टाका.

एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय असं असेल तर आसन नाही, तेलमालीश तर मुळीच नाही. आत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना.

कडोलीकर
कानांचं काय? मागाच्या कारखान्यात शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. भ्रामरी (तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणणं) चांगली असं ऐकतो.

वॅक्सिन_डेपो
ओरडावं लागतं म्हणजे तो आवाज कानाला इजा करणाराच. भ्रामरीने बहिरेपण थांबत नाही. कामावर फोमची बोळी किंवा कानावरचे कप, दुसरा इलाज नाही. फोमचं बोळ बोटांत वळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचं आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरायचं. नुसतं तोंडाशी खोचलं तर उपयोग शून्य. कापूस घालतात काही जण, त्याने आवाज फारसा अडत नाही.

भ्रामरी डोक्यातला ताण उतरायला मात्र छान. ७ वेळा, आवाज बारीक, शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल इतका. कानाच्या तोंडाशी जो छोटा कूर्चेचा पडदा असतो तो हलका मिटायचा, बोट आत खुपसायचं नाही. कानात सतत शिट्टी वाजते त्यांनी कान उघडेच ठेवावेत, बंद केल्यावर ती शिट्टी मोठी ऐकू येऊन माणूस घाबरतो. कान वाहत असेल तर नको.

शहापूर_गल्ली
हे छापून भिंतीवर लावतो. दोन गोष्टी राहिल्या. शेवटी ध्यान ठेवायचं का? आणि शुगरवाल्यांना उपाशीपोटी बोलवायचं का?

मलप्रभा
शुगरवाल्यांना उपाशी नको. इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी व्यायाम करून साखर घसरते. तासभर आधी अर्धी भाकरी किंवा एक केळं. पूर्ण जेवणानंतर मात्र तीन तास. वर्गात साखरेचा डबा ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर माणूस शुद्धीवर असताना ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर आणखी तेवढीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी बोलवायची.

खानापूरचा_पाऊस
ध्यान ठेवा, पण "मन रिकामं करा" म्हणू नका. दमलेला माणूस डोळे मिटला की झोपतो नाहीतर कर्जाचे हप्ते मोजतो. दोन्हीत त्याला वाटतं आपल्याला जमत नाही.

त्यापेक्षा अंगावरून लक्ष फिरवणं जमतं. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्यात हा एक मुख्य भाग होता. आपल्याकडे शवासनात जे घेतात त्याच्या फार जवळचं, फरक एवढाच की अंग सैल "करायचं" नाही, कसं आहे ते बघायचं.

८ मिनिटं द्या. पाठीवर, गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर (कंबरवाल्यांना ती नसली तर शवासनही टोचतं). डाव्या पायाची बोटं, तळवा, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, मग उजवा पाय, कंबर, पोट, पाठ, हात, मान, जबडा, कपाळ. प्रत्येक ठिकाणी दोन श्वास. सांगणाऱ्याने सावकाश आणि सपाट आवाजात सांगायचं, मागे बासरी वगैरे लावू नये. दुखऱ्या जागी पोचलं की विचारायचं: ठणकतंय, जळतंय की ओढतंय? कुठपर्यंत? "हे कधी जाणार" हा विचार आला तर तो दुखण्यापेक्षा वेगळा आहे एवढं कळलं तरी त्या दिवसाचं काम झालं. कोणाला डोळे मिटून भीती वाटत असेल, घरात अलीकडे मयत झालेली असेल, तर डोळे अर्धे उघडे ठेवून बसूनच. जबरदस्ती नको.

घोरायला लागला तर घोरू दे की. त्याला ती झोप हवी होती.

निपाणीची_अक्का
बायकांच्या वर्गात हे शेवटी ठेवलंत तर अर्ध्या निघून जातील, स्वयंपाक खोळंबलेला असतो. सुरुवातीला घ्या.

उद्यमबाग
वडगावात उलट. पाय भिंतीवर आणि शेवटी ध्यान, नाहीतर परत उठवून आसनं करून घेणं अवघड. आणि तिथे निम्मे कन्नड बोलणारे असतील, सूचना दोन्ही भाषांत लागतील.

शहापूर_गल्ली
ठीक. अंथरायला काय? प्लास्टिकच्या चटया स्वस्त पडतायत.

मलप्रभा
प्लास्टिकवर त्रिकोणासनात पाय घसरतो, शहाबादी फरशीवर तर नक्कीच. खाली सतरंजी, उभ्याची आसनं मात्र सतरंजी सारून उघड्या पायांनी फरशीवर. फरशी ओली नको, श्रावण संपला तरी खानापूरला ओल असते. कोपरं टेकून भुजंगासन करणाऱ्यांना चादरीची घडी कोपराखाली. खुर्च्या चार लागतील, प्लास्टिकच्या नकोत, लोखंडी घडीच्या घ्या आणि भिंतीला टेकवूनच वापरा.